जॅझ पियानोचे मोजकेच अल्बम, बरेच महिने तेच तेच ऐकल्यावर

'शांत जॅझ पियानो' टाइपच्या प्लेलिस्ट बंद करून गेले कित्येक महिने मी मोजकेच अल्बम ऐकतेय, सगळे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले. कुठला टिकला आणि कुठला नाही हे आता खात्रीने सांगू शकते. आणि एक गोष्ट आधीच सांगते, पियानो ट्रिओ (पियानो, बास आणि ड्रम्स) ऐकताना पियानोच्या मागे लागू नका, बास ऐका. पियानो तसाही कानावर पडणारच आहे, पण बास कळायला लागला की तोच अल्बम पूर्ण वेगळा वाटतो.

सगळ्यात जास्त वाजला तो ब्रॅड मेलडाऊचा १९९८ चा 'साँग्ज', 'आर्ट ऑफ द ट्रिओ' मालिकेतला तिसरा. यात रेडिओहेड या रॉक बँडचं 'एक्झिट म्युझिक' आणि निक ड्रेकचं 'रिव्हर मॅन' आहे, त्यामुळे सुरुवातीला माणूस ओळखीच्या चालींसाठीच ऐकतो, मग हळूहळू मेलडाऊचा डावा हात ऐकू यायला लागतो. एरवी डावा हात कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) देऊन गप्प बसतो आणि उजवा बोलतो, इथे डावा हात स्वतःचीच वेगळी चाल धरून चालत राहतो आणि उजव्याला मधेच अडवतो पण. त्यात लॅरी ग्रेनेडियरचा बास इतका भरदार आहे की मी कधी कधी अख्खं गाणं फक्त त्याच्यासाठी परत लावते. कुणाला एकच अल्बम सुचवायचा असेल तर हाच.

विजय अय्यरचा 'ब्रेक स्टफ' (२०१५) उलट आहे, तो लगेच आवडत नाही. म्हणजे मला आवडला नव्हता, डोकं दुखायचं. त्यातला 'हूड' हा तुकडा डेट्रॉइटच्या टेक्नोवाल्या (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकवाल्या) रॉबर्ट हूडला दिलेली दाद आहे, पियानोवर छोटे छोटे सूर परत परत येत राहतात, खाली मार्कस गिलमोरचे ड्रम्स, आणि सम नक्की कुठे आहे हे धरायला गेलं की ती निसटते. मी ती धरायचा नाद सोडला, नुसता बासवर कान ठेवला, स्टीफन क्रम्पचा, आणि मग बाकीचे दोघं त्याच्याभोवती कसे सरकतात ते आपोआप दिसायला लागलं. असल्या धावपळीनंतर त्याच अल्बममध्ये 'ब्लड काउंट' येतं, फक्त पियानोवर. बिली स्ट्रेहॉर्नने हे १९६७ मध्ये, शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमधून लिहिलं होतं. अय्यर ते जराही रडकं करत नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागतं.

रात्रीसाठी टॉर्ड गुस्टाव्हसेनचा 'चेंजिंग प्लेसेस' (२००३). खूप हळू, खूप कमी सूर. ड्रमर यार्ले व्हेस्पेस्टाड इतकं हलकं वाजवतो की फोनच्या स्पीकरवर तो जवळपास गायबच होतो, त्यामुळे हा हेडफोनवरच ऐका. बासचं पण तेच, डबल बासच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो, तो मूळ सूर फोनमधून बाहेरच येत नाही, मग 'बोअर आहे' असं वाटणारच ना! आणि अॅपमध्ये एक गाणं दुसऱ्यात मिसळणारं क्रॉसफेड सेटिंग असतं ते आधी बंद करा, शफल पण. ईसीएम या रेकॉर्ड कंपनीच्या (हा अल्बम तिचाच) अल्बममध्ये शेवटचा सूर विरेपर्यंत वेळ दिलेला असतो, तो कापला गेला की मजाच गेली.

कीथ जॅरेटचा 'द मेलडी अॅट नाइट, विथ यू' (१९९९) हा सोलो आहे. दीर्घ थकव्याच्या आजारातून सावरत असताना घरीच रेकॉर्ड केलेला, आणि ते ऐकताना जाणवतं. करामती नाहीत, नुसती चाल वाजवतो. 'शेनान्डोआ' तर इतकं साधं वाजवलंय की त्यात काही वाढवावंसं वाटतच नाही. ज्यांना जॅझ म्हटलं की टेन्शन येतं त्यांनी इथून सुरू करावं.

तिग्रान हमास्यानचा 'मॉकरूट' (२०१५) जबरदस्त आहे, आर्मेनियन चाली आणि हेवी मेटल रॉकसारखे जड ताल एकत्र, पण रोज नाही झेपत, महिन्यातून एखादवेळी ठीक. त्याचाच 'अॅन एन्शंट ऑब्झर्व्हर' (२०१७) जास्त टिकला, मुख्यतः पियानो आणि त्याचा स्वतःचा आवाज. ई.एस.टी. या स्वीडिश ट्रिओचा 'सेव्हन डेज ऑफ फॉलिंग' (२००३) चालीच्या बाबतीत सगळ्यात गोड, पण खरं सांगायचं तर सतत ऐकून थोडा संपला माझ्यासाठी. पहिल्याच आठवड्यात जो पूर्ण कळतो त्याचं असं होतं बहुतेक.

आणि जो अजून संपत नाहीये तो क्रेग टॅबॉर्नचा 'अव्हेंजिंग एंजल' (२०११). सोलो. एक सूर वाजवून तो विरेपर्यंत थांबतो, मग दुसरा, आणि त्या थांबण्यातच सगळं चाललेलं असतं. नवीन माणसाला मी हा मुद्दाम आधी देत नाही, मेलडाऊ आणि जॅरेट पचल्यावर द्यावा. त्याचा 'शॅडो प्लेज' (२०२१) आता लावायला घेतलाय, व्हिएन्नातली लाइव्ह सोलो मैफल, सगळी जागच्या जागी सुचलेली, त्याबद्दल एवढ्यात काही बोलणार नाही, अजून खूपदा ऐकायचाय.