दोन मॉनिटर, आठ महिने: एक आडवा, एक उभा

समोर २७ इंची आडवा (२५६० × १४४० पिक्सेल), डाव्या हाताला २४ इंची उभा (१०८० × १९२०), दोन्ही आयपीएस, म्हणजे बाजूनं बघितलं तरी रंग फारसा न बदलणारे पॅनेल. सुरुवातीला तिसराही होता. त्यावर मेल आणि चॅट उघडं राहायचं, नजर सारखी तिकडंच जायची. दोन महिन्यांत काढला.

खरी कमाई उभ्याची. ओळीला २० पिक्सेल धरले, तर मेनू-टॅबची जागा सोडून हाच मॉनिटर आडवा असता तर १०८० उंचीत पन्नासेक ओळी मावल्या असत्या, उभ्यावर नव्वद मावतात. लांबलचक एरर लॉग एका नजरेत वाचता येतो. आणि बेळगाव-निपाणीच्या दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करताना मराठी आणि कन्नड स्क्रीन शेजारी शेजारी लावता येतात. कन्नडमधलं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन, मूळ अक्षराच्या खाली बसतं. रकान्याची उंची मराठी मजकुरावर बेतली असेल तर ते खालून कापलं जातं. टॅब बदलत तपासताना ही चूक हमखास निसटते, शेजारी ठेवली की लगेच डोळ्यात भरते.

स्वस्तातला टीएन (आयपीएसहून जुन्या प्रकारचा) पॅनेल उभा लावू नका. बघायचा कोन जरा बदलला की रंग बदलतो, त्यामुळं दोन डोळ्यांना वेगवेगळा उजेड दिसतो आणि तासाभरात डोकं धरतं. आयपीएसवरही विंडोजमध्ये अक्षरांच्या कडेला रंगीत झालर दिसू शकते, कारण क्लिअरटाइप, म्हणजे विंडोजची अक्षरं गुळगुळीत दाखवायची सोय, आडव्या पॅनेलच्या उपपिक्सेलवर (पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांवर) बेतलेली आहे. त्या मॉनिटरपुरती ती पुन्हा जुळवून बघा, नाहीच जमलं तर बंद करा.

लॅपटॉपचा प्रत्येक टाइप-सी पोर्ट चित्र देतोच असं नाही. साध्या एम१, एम२ चिपचं मॅकबुक बाहेरचा एकच मॉनिटर चालवतं. हे आधी बघा, मग पैसे घाला.

मॉनिटर धरणाऱ्या आर्मचा क्लॅम्प (टेबलाच्या कडेला आवळायची पकड) पार्टिकल बोर्डाच्या टेबलाला थेट आवळला की कड चुरते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ६ × ६ इंचाच्या, ५ मिमी जाडीच्या दोन लोखंडी प्लेटा कापून घ्याव्यात आणि फळीच्या वर-खाली घालाव्यात, भार पसरतो. आर्म बसवायच्या मॉनिटरमागच्या भोकांमधलं अंतर ७५ किंवा १०० मिमी आहे का, हेही मोजून घ्या.

पावसाळ्यात, खानापूरकडं तर जास्तच, लाईट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, मॉनिटर विझतात आणि सगळ्या विंडो लॅपटॉपच्या पडद्यावर गोळा होतात. दोन्ही मॉनिटर मिळून ५०-६० वॅट खातात, त्यामुळं राऊटरसकट ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. विंडोज ११ च्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरनुसार विंडोच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, तोही चालू ठेवा.