घरगुती फोर्स फीडबॅक स्टिअरिंग: काही महिने रोज वापरल्यावर

फोर्स फीडबॅक स्टिअरिंग म्हणजे रेसिंग गेममधली ओढ आणि धक्के मोटरने हातापर्यंत पोचवणारं स्टिअरिंग. आधी जोडणी सांगतो. ई-स्कूटरला लागते ती एमवाय१०१६ मोटर (२४ व्होल्ट, २५० वॅट, ब्रशवाली), बीटीएस७९६० ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारा बोर्ड), आर्डुइनो लिओनार्डो (ड्रायव्हरला हुकूम देणारा कंट्रोलर बोर्ड) आणि फेऱ्याला ६०० पल्सचा ऑप्टिकल एन्कोडर (स्टिअरिंग किती फिरलं ते मोजणारा सेन्सर). १५ दातांच्या पुलीवरून ९० दातांच्या पुलीवर ५ मिमी पिचचा टायमिंग बेल्ट. स्टिअरिंगचा शाफ्ट २० मिमीचा, दोन यूसीपी२०४ बेअरिंगांत. खेळ मुख्यतः असेटो कोर्सा हा रेसिंग गेम.

ताकद कमी पडत नाही. मोटरचा रेटेड टॉर्क ०.९ न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे १:६ ने स्टिअरिंगवर पाचच्या घरात. लांब शर्यतीत हात भरून येतात. त्यामुळे मोठ्या मोटरच्या मागे लागू नका. अडचण वेगळीच आहे.

या मोटरचा रेझिस्टन्स एक ओहमच्या बराच खाली असतो. लांब वळणात स्टिअरिंग धरून ठेवलं की मोटर जवळपास थांबलेली असते, बॅक ईएमएफ (फिरत्या मोटरमध्ये तयार होऊन करंट रोखणारं उलट व्होल्टेज) नसतो, आणि २४ व्होल्टवर १५-२० टक्के ड्यूटीलाच (ड्यूटी म्हणजे सप्लाय चालू असण्याच्या वेळेचा वाटा) रेटेड करंट, म्हणजे १३-१४ अँपिअर, गाठला जातो. त्यापुढे गेलात की मोटर आणि ड्रायव्हर दोन्ही तापतात. लिओनार्डोवर ८ किलोहर्ट्झ पीडब्ल्यूएमला (सप्लाय झपाट्याने चालू-बंद करून ताकद कमी-जास्त करण्याची पद्धत) १००० पायऱ्या मिळतात. त्यातल्या जेमतेम दोनशे कामी येतात. कर्बची (ट्रॅकच्या उंचसखल कडेची) थरथर कळते, पण पुढचे टायर सुटू लागताना स्टिअरिंग हळूहळू हलकं व्हायला हवं, तिथे ते टप्प्याटप्प्याने हलकं होतं. सिम रेसिंगमध्ये हीच जाणीव सगळ्यात मोलाची.

उपाय स्वस्त आहे: १२ व्होल्टचा एसएमपीएस (मेन्सवरून डीसी देणारा पॉवर सप्लाय) लावा. वापरता येणारी ड्यूटी दुप्पट होते. मोटरचा कमाल वेग निम्मा होतो खरा, पण स्टिअरिंग तरीही सेकंदाला चार फेरे घेऊ शकतं. ड्रिफ्टमध्ये (गाडी आडवी घसरवताना) हात सोडलेत तरी तेवढं पुरतं. मोटरवर २४ लिहिलंय म्हणून २४ च द्यायचे, असं काही नाही.

करंट मोजताना मीटर एसएमपीएसच्या वायरवर लावू नका. ३५ टक्के ड्यूटीला तिथे पाचेक अँपिअर दिसतील, मोटरमधून मात्र चौदा वाहत असतील. डीसी क्लॅम्प मीटर मोटरच्याच वायरवर धरा. ड्रायव्हरवरचा ४३ अँपिअरचा आकडा त्या छोट्या हीटसिंकच्या भरवशावर घेऊ नका. ८० मिमीचा पंखा लावाच.

दुसरा त्रास ऐन वळणात स्टिअरिंग मेल्यासारखं होण्याचा. झटक्यात उलट फिरवलं की मोटर जनरेटर बनते, व्होल्टेज चढतं आणि एसएमपीएसचं ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन सप्लाय तोडतं. एसएमपीएसनंतर उलटा करंट अडवणारा २० अँपिअरचा शॉटकी डायोड, ड्रायव्हरच्या टोकाशी ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर, आणि १६ व्होल्टच्या वर मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) जोडला जाणारा, जादा ऊर्जा जिरवणारा ४.७ ओहम ५० वॅटचा रेझिस्टर, एवढ्याने हा प्रकार थांबतो.

स्टिअरिंगचं सेंटर (मधली सरळ स्थिती) सरकत असेल तर दोष बहुतेक एन्कोडरच्या वायरिंगमध्ये सापडतो. हे एन्कोडर सहसा ओपन कलेक्टर असतात, म्हणजे सिग्नल फक्त खाली ओढतात; वर ओढायला पुल-अप रेझिस्टर लागतो. लिओनार्डोच्या चिपमधले पुल-अप कमकुवत पडतात आणि मोटरचा नॉइज पल्स म्हणून मोजला जातो. एन्कोडरच्या ए आणि बी या दोन्ही सिग्नल वायरींना ४.७ किलोओहम देऊन ५ व्होल्टला बांधा, शिल्डेड केबल वापरा, शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. एन्कोडर स्टिअरिंगच्या शाफ्टवर बसवा. ६०० पल्सचे चौपट, एका फेऱ्याला २४०० काउंट म्हणजे ०.१५ अंश, तेवढे पुरेसे आहेत. मोटरवर बसवला तर काउंट सहापट मिळतात, पण बेल्टचा एक दात घसरला की सेंटर गेलं.

मोटरसोबत आलेलं चेनचं स्प्रॉकेट काढून टाका. चेनचा प्ले (ढिलेपणा) सरळ रस्त्यावर प्रत्येक डाव्या-उजव्याला खट्ट वाजतो. बेअरिंगचे ग्रब स्क्रू (शाफ्टला आवळणारे छोटे स्क्रू) उलटसुलट जोराने ढिले होतातच; शाफ्टवर ड्रिलने छोटा खळगा पाडून स्क्रू त्यात बसवा, थ्रेड लॉकर लावा. मोठी पुली चावीच्या खाचेसह लेथवर करून घ्या, नुसत्या स्क्रूवर ती टिकत नाही.

पहिल्यांदा चालू करताना गेन (फोर्सची तीव्रता) अगदी कमी ठेवा. मोटरच्या वायर उलट लागल्या असतील तर स्टिअरिंग सेंटरला येण्याऐवजी टोकाकडे पळतं. अंगठे आऱ्यांच्या बाहेर ठेवा, मग वायर अदलाबदल करा. ड्रायव्हरच्या आरपीडब्ल्यूएम आणि एलपीडब्ल्यूएम (दोन दिशांच्या इनपुट पिना) दोन्हींवर १० किलोओहम पुल-डाऊन (ग्राउंडला ओढणारे रेझिस्टर) हवेत, नाहीतर बूट होताना पिना तरंगत्या राहून झटका बसू शकतो. इमर्जन्सी स्विच मेन्सवर नको, १२ व्होल्टच्या वायरवर, कपॅसिटरच्या पुढे ड्रायव्हरच्या बाजूला हवा. मेन्स तोडल्यावरही कपॅसिटरमधला चार्ज मोटरला ढकलतो.

ब्रश अधूनमधून उघडून पाहा. धरून ठेवलेल्या स्टिअरिंगमुळे करंट कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या भागाच्या) त्याच दोन-तीन पट्ट्यांतून जात राहतो आणि त्या काळ्या पडतात. बारीक पॉलिश पेपरने पुसा, कार्बनची भुकटी ब्लोअरने उडवा.