आयरिश कैदी पूर्वजाचा शोध : ट्रोव्ह आणि टास्मानियाची दप्तरं, काही महिन्यांच्या वापरानंतर

सासूबाईंचं माहेर टास्मानियातलं. पणजोबा आयर्लंडमधल्या टिपरेरीहून आले, एवढंच घरात बोललं जाई. कसे आले, यावर सगळे गप्प. ब्रिटिश सरकारने शिक्षा म्हणून तिकडे धाडलेला कैदी पूर्वज ही ऑस्ट्रेलियात फार काळ झाकून ठेवायची गोष्ट होती. सासूबाईंना ते जाणून घ्यायचं होतं, म्हणून मी शोध हाती घेतला. लायब्ररीज टास्मानिया या तिथल्या सरकारी ग्रंथालयाची नावसूची आणि जुन्या वर्तमानपत्रांसाठी ट्रोव्ह ही वेबसाइट, दोन्ही फुकट आहेत.

खरा खजिना टास्मानियाच्या दप्तरांत आहे. 1840 नंतर आलेल्या कैद्याच्या वर्तनपत्रकात गुन्हा, शिक्षेची वर्षं, नंतरच्या आगळिका हे सगळं सापडतं; उंची, डोळ्यांचा रंग आणि अंगावरच्या खुणा वर्णनाच्या नोंदीत. पण मला सगळ्यात मोलाची वाटली ती जहाज लागल्यावर केलेली यादी. तिच्यात मागे राहिलेल्या नातलगांची नावं असतात. दुष्काळात मेंढी चोरली म्हणून काळ्या पाण्यावर धाडलेल्या माणसाला कारकुनाने घरी कोण कोण आहे ते विचारलं आणि लिहून ठेवलं. सासूबाईंना पणजोबांच्या बहिणींची नावं अशी कळली. त्यांनी ती मला पुन्हा पुन्हा वाचायला लावली.

ट्रोव्ह म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा साठा. वर्तमानपत्रं बहुतेक 1954पर्यंतची. नुसतं नाव टाकून काही हाती लागत नाही. पुसट छपाई यंत्राने वाचलेली असते, शिवाय आयरिश आडनावाच्या सुरुवातीचा 'ओ' (ओ'ब्रायनमधला) कधी असतो, कधी गळतो. जहाजाचं नाव, गाव आणि साल एकत्र टाका. शिक्षा संपण्याआधी सशर्त मोकळीक देणारे परवाने ('टिकेट ऑफ लीव्ह'), माफी, पळालेले कैदी यांच्या सरकारी याद्या छापून येत, त्याही चाळा. चुकलेला मजकूर वाचकाला दुरुस्त करता येतो. मी आवर्जून करते, पुढच्याला तेवढं सोपं जातं. आमच्या पणजोबांच्या निधनाची बातमी मिळाली, त्यात ते 'जुने रहिवासी'. कैदेचा शब्दही नाही. दप्तर आणि वर्तमानपत्र शेजारी ठेवल्याशिवाय माणूस पुरा दिसत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

आयर्लंडकडची बाजू अवघड आहे. 1836च्या आधीची हद्दपारीची रजिस्टरं 1922च्या आयरिश यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारात जळाली. कैद्यांचे दयेचे अर्ज मात्र डब्लिन कॅसल या किल्ल्यातल्या सरकारी कचेरीत होते, म्हणून वाचले. नवऱ्यामागे मुलांसह फुकट पाठवा, अशी विनवणी करणाऱ्या बायकांचे अर्जही आहेत. डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची ऑनलाइन फुकट बघता येते. तुमचा माणूस 1836च्या आधीचा असेल, तर सुरुवात अर्जांपासूनच करा.

आयरिश वर्तमानपत्रांसाठी बहुधा पैसे मोजावे लागतात. खटल्याचा महिना आणि गाव हातात येईपर्यंत वर्गणी भरू नका. ते कळलं की महिनाभराची पुरते.