विमानाचं नाक: बाटलीचं की फायबरचं?

धुळ्याहून भाच्याचा फोन आला. तो उडवायचं छोटं मॉडेल विमान बनवतोय. "मामा, काउल आणि कॅनोपी कोल्ड्रिंकच्या बाटलीची करू की फायबरग्लासची?" काउल म्हणजे नाकाजवळ मोटर झाकणारं कवच, कॅनोपी म्हणजे वैमानिकाच्या जागेवरचं झाकण.

खर्चाचा प्रश्नच नाही. लग्नाच्या मांडवामागे दोन लिटरच्या बाटल्या पोतंभर मिळतात, गरम हवा फेकणारी हीट गन एकदाच घ्यायची. फायबरला काचेच्या धाग्यांचं कापड, ते घट्ट करणारं इपॉक्सी रेझिन, हातमोजे, मास्क, दर वेळी नवं.

लाकडी साचा दोन्हीला लागतो. बाटलीचं बूड कापा, साचा आत सरकवा, मागून पाचर ठोका आणि गन सतत फिरवत ठेवा. बाटली कारखान्यात ताणून फुगवलेली असते. सत्तर-ऐंशी अंशांपुढे तापली की आक्रसून साच्याला बिलगते. गन एका जागी रेंगाळली की प्लास्टिक पांढरं पडतं. माझ्या पहिल्या तीन तशाच वाया गेल्या, चौथी पाच मिनिटांत झाली. खोलगट आकार मात्र विसरा, प्लास्टिक खड्ड्यावरून सरळ ताणलं जातं. तिथे फायबरच. फक्त आपल्याकडच्या मे महिन्यात इपॉक्सी वाटीतच घट्ट व्हायला लागतं, म्हणून काम पहाटे उरकायचं.

आपटलं तर बाटली चेपते, सहसा फुटत नाही. पण रंग धरत नाही, आधी बारीक पॉलिश पेपर मारावा लागतो.

पारदर्शक कॅनोपी हवी तर बाटलीच. इलेक्ट्रिक मोटरच्या हलक्या विमानाला काउलही तिचाच चालेल. इंजिनाचा तापलेला सायलेन्सर जवळ असेल, तर फायबर. भाच्याचं इलेक्ट्रिक आहे. म्हटलं, आधी पाच-सहा बाटल्या गोळा कर.