मदरवेल होमस्टेड, सास्काचेवान: आधी तळं बघा, मग घर

विल्यम रिचर्ड मदरवेल १८८२ साली कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातून पश्चिमेकडे आले. त्यांनी आजच्या सास्काचेवान प्रांतातल्या अ‍ॅबरनेथी गावाजवळ १० डॉलर शुल्क भरून १६० एकर माळरान घेतलं. तीन वर्षं राहायचं आणि जमीन वहिवाटीला आणायची, तेव्हाच ती नावावर होणार, अशी अट होती. ती शेतवाडी आज कॅनडाचं राष्ट्रीय वारसास्थळ आहे आणि शेतीत रस असणाऱ्यांनी जरूर बघावी.

बहुतेक लोक सरळ १८९७ च्या दगडी घरात शिरतात. घर देखणं आहेच, माळावरून वर्षानुवर्षं वेचलेल्या गोट्यांचं. पण आधी शेततळ्याकडे जा. इथे पाऊस कमी आणि पाण्याची खरी आवक बर्फाची. वाऱ्याच्या बाजूला लावलेल्या झाडांच्या ओळी उडतं बर्फ अडवतात, त्याचे ढीग साचतात आणि वसंतात ते वितळून तळं भरतं. घर, बाग, गोठा आणि तळं असे अंगणाचे चार भाग याच आडोशाला आखले आहेत. हे नीट समजलं की बाकीची मांडणी आपोआप उलगडते.

मदरवेल यांचं राजकारण मात्र या वास्तूत सहज दिसत नाही, ते मार्गदर्शकाला मुद्दाम विचारावं लागतं. १९०१ च्या मोठ्या पिकानंतर रेल्वे शेतकऱ्यांना मालगाडीच्या वाघिणी देईना, त्या धान्यकोठारवाल्यांकडे जात. मदरवेल यांनी इंडियन हेडला शेतकऱ्यांची संघटना उभी केली. १९०२ मध्ये वाघिणींच्या याच प्रश्नावर सिंतालुता रेल्वे स्थानकाच्या एजंटावरचा खटला तिने जिंकला. तिथूनच ते १९०५ साली प्रांताचे पहिले कृषिमंत्री झाले आणि १९१८ पर्यंत त्या पदावर राहिले.

त्यांनी हिरिरीने पसरवलेल्या पड ठेवण्याच्या पद्धतीबद्दलही विचारा. रान एक हंगाम पेरायचं नाही, तण उगवलं की कुळवायचं, म्हणजे दोन वर्षांची ओल एका पिकाला मिळते. कोरड्या सालात गहू यामुळेच तगला. पण वारंवार कुळवलेली उघडी माती भुसभुशीत होते, आणि १९३० च्या दशकातल्या दुष्काळात ती वाऱ्याबरोबर उडाली. ही दुसरी बाजू ऐकल्याशिवाय भेट अर्धवटच राहते.

स्थळ फक्त उन्हाळ्यात खुलं असतं, म्हणून तारखा आधी तपासा. प्रांताची राजधानी रिजायनाहून अंतर साधारण १०० किलोमीटर आहे, स्वतःची गाडी हवी. ट्रान्स-कॅनडा महामार्गाने निघालात तर आधी इंडियन हेड, मग सिंतालुता लागतं. दोन्हीकडे थांबून मग उत्तरेला वळा.