दारावरची खांद्याची पुली: वस्तू चांगली आहे, पण कधी वापरायची ते आधी वाचा

फ्रोझन शोल्डरसाठी, म्हणजे खांदा दुखून आखडतो त्या आजारासाठी, दारावर अडकवायची पुली मिळते ना, दोरी आणि दोन हँडलवाली, ती माझ्याकडे दहा महिने आहे आणि त्यातले सात महिने रोजच्या वापरात आहे. रिव्ह्यू लांबलाय, कारण ही वस्तू घेतल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत माझा खांदा आणखी बिघडला आणि तीच पुली नंतर मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. हे असं का झालं ते कळल्याशिवाय स्टार देण्यात काही अर्थ नाही.

आधी वस्तूबद्दल. एक जाड पट्टा असतो, तो दाराच्या वरच्या फटीत घालून दार घट्ट लावायचं, पट्ट्याला छोटी चकती, तिच्यावरून दोरी आणि दोरीच्या दोन टोकांना फोमची हँडल. दाराकडे पाठ करून खुर्चीवर बसायचं, चांगल्या हाताने खाली ओढलं की आखडलेला हात आपोआप वर जातो. यात आखडलेल्या हाताने जोर लावायचाच नसतो, सगळं काम चांगला हात करतो, आणि किती ओढायचं हेही आपल्याच हातात राहतं, दुसऱ्या कुणी खसकन ओढायची भीती नाही. मला ही गोष्ट सगळ्यात आवडली. दोरीची लांबी गाठ मारून कमीजास्त करता येते. फोम दोन महिन्यांत सैल होऊन फिरायला लागला, त्यावर मी कापडाची पट्टी गुंडाळली. आणि एक महत्त्वाचं, दार आपल्या बाजूला उघडत असेल तर ओढताना ते उघडू शकतं, म्हणून कडी लावूनच बसा आणि घरातल्यांना सांगून ठेवा.

आता खरा मुद्दा. बॉक्समधल्या कागदावर लिहिलं होतं की दिवसातून तीनदा, जितकं ओढता येईल तितकं ओढा, सहा आठवड्यांत खांदा मोकळा. माझं दुखणं सुरू होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. डाव्या कुशीवर झोपता येत नव्हतं, रात्री दोन-तीनला ठणक्याने जाग यायची, आणि घाईत एखादी वस्तू पकडायला हात पुढे केला की अशी कळ यायची की डोळ्यांसमोर अंधारी. अशा अवस्थेत मी कागदावर विश्वास ठेवून दात-ओठ खाऊन ओढत राहिले. तीन आठवड्यांनी हात आधीपेक्षा कमी वर जायला लागला आणि झोप तर पूर्णच गेली.

फिजिओकडे गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पुली बंद करायला सांगितली आणि मग समजावलं. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवीसारखं आवरण असतं, फ्रोझन शोल्डरमध्ये त्याला आधी सूज येते, मग ते जाड होतं आणि आकसतं. सुरुवातीचे काही महिने दुखण्याचे, साधारण दोन ते नऊ महिने, मग दुखणं कमी पण हात जाम असा टप्पा, आणि मग हळूहळू सुटायला लागतं, त्यालाही कितीतरी महिने जातात. पहिल्या टप्प्यात ते आवरण चिडलेलं असतं, तेव्हा जोरात ताणलं की ते आणखी चिडतं. मी नेमकं तेच करत होते.

यावर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००४ साली एक अभ्यास छापलाय. ७७ पेशंट होते, एका गटाला दुखण्याच्या पलीकडे जाऊन ताणायला लावलं आणि दुसऱ्या गटाला सांगितलं की दुखणार नाही इतकंच हलवा, हात लोंबकळवून झुलवा आणि जमतील ती रोजची कामं करा. दोन वर्षांनी हळुवार गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळपास नॉर्मल झाला होता, जोरवाल्या गटात ६३ टक्के. अभ्यास छोटा आहे, पण "नो पेन नो गेन" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे आकडे सांगते, कारण माझे तीन आठवडे त्याच वाक्यापायी वाया गेले.

मग पुली कपाटात गेली आणि मी फक्त झुलवायचा व्यायाम करत राहिले. पुढे वाकायचं, चांगला हात टेबलावर टेकवायचा, दुखरा हात सैल सोडायचा आणि शरीराच्या हेलकाव्याने त्याला गोल फिरू द्यायचं. हा व्यायाम कॉडमन नावाच्या सर्जनच्या नावाने ओळखतात, आणि फ्रोझन शोल्डर हे नावही त्यांनीच १९३४ मध्ये रूढ केलं. तेव्हाच त्यांनी लिहून ठेवलंय की हा आजार नीट सांगता येत नाही आणि बरा करायलाही अवघड आहे. इतकी वर्षं झाली तरी पेशंटची अडचण तीच आहे.

दुखणं सुरू झाल्यापासून तिसऱ्या महिन्यात सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. खूप घाबरले होते, पण त्या काळात घेतलेला सगळ्यात चांगला निर्णय हाच, दहा दिवसांत रात्रीची झोप परत आली. माझं एकटीचं सांगणं पुरेसं नाही म्हणून लिहिते, २०२० मध्ये ६५ अभ्यास आणि चार हजारांवर पेशंटची माहिती एकत्र करून जो आढावा आला त्यातही सुरुवातीच्या महिन्यांत सांध्यातल्या इंजेक्शनचा फायदा बाकी उपायांपेक्षा जास्त दिसला, आणि सोबत घरचा व्यायाम ठेवा असंही त्यात सुचवलंय. फायदा मुख्यतः थोड्या काळाचा आहे, वर्षभराने फरक पुसट होतो. पण ज्याला झोपच लागत नाही त्याच्यासाठी ते दोन-तीन महिने केवढे मोठे असतात! मला डायबेटिस आहे, त्यामुळे इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वाढली, डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून रोज तपासत होते. डायबेटिस असणाऱ्यांना हा आजार होतोही जास्त आणि रेंगाळतोही जास्त, थायरॉइडवाल्यांनाही जास्त होतो, तेव्हा या दोन्ही तपासण्या केल्या नसतील तर करून घ्या.

पाचव्या महिन्यात रात्रीचं दुखणं गेलं, हात मात्र खांद्याच्या उंचीपर्यंतच जात होता, आणि तेव्हा पुली परत बाहेर काढली. यावेळी नियम वेगळे. ताण जाणवेल पण चेहरा वाकडा होणार नाही इथपर्यंतच, तिथे पाच मोजायचे आणि सावकाश खाली, एका वेळी दहा, दिवसातून दोनदा, आधी शेक. व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या-पाऊण तासात शमलं तर ठीक, रात्रीपर्यंत राहिलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं. दुसऱ्या आठवड्यापासून फरक दिसायला लागला आणि मी दारावर पेन्सिलने खुणा करत गेले. तीन महिन्यांत हात कानाजवळ आला, कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा दोन्ही हातांनी काढला त्या दिवशी मला रडू आलं.

एक चूक सगळे करतात, मीही केली. हात वर जातोय असं वाटतं पण खरं तर पाठीवरचं पातं वर सरकतं आणि खांदा कानाकडे उचलला जातो, सांधा हलतच नाही. समोर आरसा ठेवा, खांदा उचलला जायला लागला की तिथेच थांबा. हे त्या कागदावर लिहायला हवं होतं.

आणि पुलीची मर्यादाही सांगते, कारण विकणारे ती सांगत नाहीत. हात वर जाण्यासाठी सांध्याच्या आवरणाची काखेकडची घडी उलगडावी लागते, पुलीने तिलाच ताण मिळतो, म्हणून उंची वाढते. पण फ्रोझन शोल्डरमध्ये सगळ्यात जास्त अडकतं ते हात बाहेर वळवणं, म्हणजे कोपर कमरेला चिकटवून पंजा बाजूला नेणं. ते अडतं सांध्याच्या पुढच्या-वरच्या बाजूचं आवरण आणि तिथला बंध जाड झाल्यामुळे, आणि तिथे पुलीचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी दोन्ही हातांत काठी आडवी धरून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेर ढकलायचं. मी हे उशिरा सुरू केलं, त्यामुळे हात वर जायला लागला तरी जॅकेटच्या बाहीत हात घालताना कळ यायचीच. पुली घेणार असाल तर काठीचा व्यायामही शिकून घ्या, नाहीतर अर्धंच काम होतं.

बॉक्सवर "सर्व प्रकारच्या खांदेदुखीसाठी" असंही छापलंय, त्यावर माझा आक्षेप आहे. माझं बघून मावशीने तीच पुली मागवली. पण तिचा हात दुसऱ्याने धरून उचलला तर पूर्ण वर जायचा, तिला फक्त स्वतः उचलताना दुखायचं, म्हणजे सांधा आखडलेलाच नव्हता, स्नायूंच्या दोऱ्यांचा त्रास होता. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलला तरी हात अडतो, हा मोठा फरक आहे. तिला पुलीची गरजच नव्हती, हलक्या वजनाचे व्यायाम हवे होते. अशा दुखण्यावर इंग्लंडमध्ये ७०८ लोकांचा मोठा अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये आला. एकदाच नीट समजावून घरी व्यायाम दिलेले लोक आणि सहा वेळांपर्यंत फिजिओकडे बोलावलेले लोक, वर्षभरात दोघांत फरक सापडला नाही. मावशीला हे वाचून दाखवलं तेव्हा तिच्या जिवात जीव आला, कारण सारखं जाणं तिला जमत नव्हतं. एकदा नीट तपासून घेणं मात्र हवंच, एक्स-रेसुद्धा, कारण सांधा झिजला असेल तरी हात असाच अडतो.

सहाव्या महिन्यात मला कुणीतरी सांगितलं की एवढं कशाला, भूल देऊन हात मोकळा करून घे किंवा दुर्बिणीतून ऑपरेशन कर. त्या रात्री मी ब्रिटनचा २०२० चा अभ्यास पूर्ण वाचला, ३५ हॉस्पिटलं, ५०३ पेशंट, तीन गट: भूल देऊन हात फिरवणं, दुर्बिणीने आवरण कापणं, आणि इंजेक्शनसोबत फिजिओ. वर्षभराने तिन्ही गट बरेच सुधारले होते आणि त्यांच्यातला फरक पेशंटला जाणवेल इतका मोठा नव्हता. दुर्बिणीच्या गटात गंभीर त्रास जास्त झाले, आणि फिजिओच्या गटातल्या जास्त लोकांना पुढे आणखी काही उपचार लागले, हेही खरं. म्हणजे ऑपरेशन वाईट असं कुणी म्हणत नाहीये, पण माझा हात महिन्याला पुढे सरकत होता तर मी थांबायचं ठरवलं. ज्याचा कित्येक महिने जराही सरकत नाही त्याने डॉक्टरांशी नक्की बोलावं.

स्टार द्यायचे तर वस्तूला चार आणि त्या कागदाला शून्य. सहा आठवडे म्हणे! ऑक्सफर्डच्या एका अभ्यासात सरासरी चार वर्षांहून जास्त काळाने विचारलं तेव्हा ५९ टक्के लोकांचा खांदा नॉर्मल किंवा जवळपास नॉर्मल होता, उरलेल्यांपैकी बहुतेकांना थोडाफार त्रास होता. लोकांना हे आधीच सांगा ना, मग सातव्या आठवड्यात कुणी स्वतःला दोष देणार नाही.

माझा आता बारावा महिना आहे. हात वर पूर्ण जातो, बाहेर पाऊण, पाठीमागे अजून कमरेपर्यंतच, त्यासाठी टॉवेल पाठीमागे धरून वरच्या हाताने हळूहळू ओढायचा व्यायाम चालू आहे. पुली दारावरच आहे, गाठीपाशी दोरी झिजायला लागली होती म्हणून मागच्या आठवड्यात बदलली, तुमचीही तपासा.