जिप्सीला टर्बो लावायला निघालात? आधी हे वाचा

गोव्यात किंवा पलीकडे दोडामार्ग-सावंतवाडी भागात कुणी जुन्या मारुती जिप्सीला स्वतःच्या हाताने टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवायचा बेत करत असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितोय. माझे ७५,००० रुपये गेले. त्यातले ३५,००० टर्बो आणि मॅनिफोल्डचे (इंजिनाला टर्बो जोडणारं एक्झॉस्टचं पाइप), २८,००० 'मॅपिंग बॉक्स'चे (किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा) आणि १२,००० टर्बोच्या परवानगीच्या आरटीओ कागदाचे. पैसे घेणारा माणूस म्हापशाच्या बाजूला एका भाड्याच्या शेडमध्ये बसायचा. त्याचं नाव लिहून उपयोग नाही, कारण नाव तो बदलत असतो. पद्धत बदलत नाही, म्हणून ती सांगतो.

माझी गाडी एमपीएफआय जिप्सी. १२९८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. कागदावर ८० बीएचपी, तेही ६००० आरपीएमला. म्हणजे खालच्या आरपीएमला दम नाही. चोर्ला घाटात मागे दोन माणसं आणि थोडं सामान असलं की दुसऱ्या गिअरवरून हलता येत नाही. सत्तरीतल्या आमच्या काजूच्या बागायतीत जांभ्या दगडाचा चढ आहे, तिथे लो गिअर टाकला की गाडी चढते, पण इंजिन नुसतं बोंब मारत असतं. म्हणून लहानसा टर्बो, ६-७ पीएसआयपेक्षा जास्त बूस्ट (टर्बोने चढवलेला हवेचा दाब) नाही, तापलेली हवा थंड करायला भंगारातल्या डिझेल कारचा इंटरकूलर, ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून तेलाची लाइन आणि चेंबरला (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला) भोक पाडून तेलाचा रिटर्न, असा बेत होता. फिटिंगचं काम मला येतं. अडचण होती ती योग्य मापाचा टर्बो, मॅनिफोल्ड आणि इंधनाचं मॅपिंग.

नेमकं तेच त्याच्याकडे होतं. "पात्रांव, जिप्सीचं तयार किट आहे. बसवायचं तुम्ही, मॅपिंग आमचं. दीडशे बीएचपी कुठे गेले नाहीत."

दीडशेचा आकडा ऐकून मी हिशोब मांडला होता. हवेचा दाब समुद्रसपाटीला साधारण १४.७ पीएसआय. त्यावर ७ चढवले तर इंजिनात जाणारी हवा कागदावर जेमतेम दीडपट होते. म्हणजे ८० चे १२० ही कागदावरची कमाल. दाबलेली हवा तापते, एक्झॉस्ट तुंबतो, ते धरलं तर त्याहूनही कमी. आणि दीडशे काढायचे तर पेट्रोलही जवळजवळ दुप्पट लागणार, ते मूळ इंजेक्टरमधून येणार कसं? हे मी त्याला तोंडावर विचारलं. तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, "दीडशे इंजेक्टर बदलून. मूळ इंजेक्टरवर शंभर-एकशेपाच धरा. आमचा बॉक्स बूस्टच्या वेळी इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो." उत्तर बरोबर होतं. खरा पिगीबॅक, म्हणजे मूळ ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) जोडायचा बॉक्स, असंच काम करतो. हे लोक अडाणी नसतात. विषयातलं अर्धं खरं त्यांना पाठ असतं आणि प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकालाच ते जास्त मान देतात.

शेडमध्ये एक हिरवी जिप्सी उभी होती. त्याने ती सुरू करून रेस दिली. शिट्टीसारखा टर्बोचा आवाज, सोडल्यावर फुस्स. बॉनेट उघडून दाखवलं तर चांदीसारखी चकचकीत पाइपं. इंजिन गरम आहे म्हणून हात लावू दिला नाही.

पैसे यूपीआयने, एका बाईच्या खात्यावर. "मिसेस हिशोब बघते." बिल मात्र प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं, जीएसटी नंबरासकट.

माल आला तो मे महिन्याच्या शेवटी. मॅनिफोल्ड 'एसएस ३०४', म्हणजे स्टेनलेस स्टीलचं म्हणून घेतलेलं. जूनचे पहिले पाऊस पडले आणि गॅरेजच्या पडवीत ठेवल्या ठेवल्या त्याच्या जोडांवर तांबूस पूड धरली. चुंबक लावला तर टपकन चिकटला. साधं लोखंडी पाइप, वरून पॉलिश. फोन केला. "पात्रांव, वेल्डिंगच्या जागी तसं होतंच. वेल्डचं मटेरियल वेगळं असतं." पुन्हा अर्धं खरं. वेल्डपाशी ३०४ सुद्धा किंचित चुंबक धरतं, पण असा चिकटत नाही. मॅनिफोल्ड बदलून देतो म्हणाला, तोवर टर्बो तर बसवून बघा, नंतर बॉक्स पाठवतो.

बसवला. रिटर्नची नळी जाड घेतली, कुठे वाकवली नाही, चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर सरळ उतार देऊन सोडली. टर्बोमधलं तेल पंपाने परत येत नाही, आपल्या वजनाने खाली उतरतं. तिथे चूक झाली की तेल सीलमधून बाहेर येतं आणि निळा धूर निघतो. माझी नळी बिनचूक होती. तरी पहिल्याच दिवशी निळा धूर निघाला. आयडलवर टाकली तर अंगण भरून.

त्याला व्हिडिओ आणि बॉनेटखालचा फोटो पाठवला. त्याने एकच विचारलं, "बसवलं कुणी? तुम्हीच ना?"

या सगळ्या धंद्याची किल्ली त्या प्रश्नात आहे. तयार गाडी किंवा तयार काम विकणाऱ्याला निकाल द्यावा लागतो. 'स्वतः बसवा' म्हणून सुटे भाग विकणाऱ्याला कधीच द्यावा लागत नाही. टर्बोने तेल सोडलं तर तुमची रिटर्न लाइन चुकली, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकणं) झालं तर बॉक्स लावण्याआधी तुम्ही रेस दिली, बॉक्स चालला नाही तर तुमचं वायरिंग. प्रत्येक भागाचा दोष दुसऱ्या भागावर ढकलता येतो आणि तो दुसरा भाग अजून यायचा असतो. तो यायला पैसे भरावे लागतात. बॉक्सचे २८,००० मी याच साखळीत भरले, कारण बॉक्स आल्याशिवाय टर्बोची तक्रार तो ऐकायलाच तयार नव्हता.

टर्बो शेवटी उतरवून मी होंडा गावातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे नेला. होंडा म्हणजे आमचं सत्तरीतलं गाव, गाडीची कंपनी नव्हे. या मेस्त्रींनी आयुष्यभर खाणींवरच्या टिपरचे टर्बो दुरुस्त केले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ सुरू झाल्या आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. डिचोली-सत्तरीत टिपर रांगेने उभे राहून गंजले आणि सुटे होऊन भंगारात गेले. जुना टर्बो नवा करून विकायची कला आमच्याकडे त्या काळात फोफावली असं त्यांचं म्हणणं. बहुधा बरोबर असावं, पण माझा टर्बो काही टिपरचा नव्हता.

त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. कंप्रेसरच्या तोंडातून दोन बोटं घालून शाफ्टचा नट धरला आणि आत-बाहेर ओढला. खट्, खट्. शाफ्ट वर-खाली किंचित हलला तर चालतं, कारण तो तेलाच्या थरावर तरंगायचा असतो. आत-बाहेर मात्र हाताला काही जाणवता कामा नये. मग थिनरचा बोळा हाऊसिंगवर फिरवला. चंदेरी रंग निघाला आणि खाली ग्राइंडर मारून नंबर खोडल्याचे ओरखडे दिसले. नावाची पाटी नवी, पण तिच्या कडेला जुन्या रिव्हेटची भोकं. कंप्रेसरच्या पात्यांच्या टोकांना दातेरी कडा, म्हणजे पंखा हाऊसिंगला घासून गेलेला. मापावरून हा छोट्या डिझेल गाडीचा टर्बो निघाला. जोरात चालवल्यावर डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ७५०-८०० अंशांना पोचतो, पेट्रोलचा ९०० च्या वर. टर्बाइनचा धातू त्या हिशोबाने वेगळा लागतो. आणि हा पंखा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. मेस्त्री म्हणाले, "पाटी नवी, पोट जुनं. फुटला असता तर तुकडे इंजिनात गेले असते, बाबा."

टर्बोच असा निघाल्यावर बॉक्स लावायच्या आधी उघडायचा ठरवला. काळ्या रेझिनमध्ये बुडवलेली काड्यापेटीएवढी वस्तू, वर निळा दिवा. 'टेक्नॉलॉजी चोरीला जाऊ नये म्हणून सील आहे, उघडलं तर वॉरंटी गेली.' हीट गन मारून थर सोलत गेलो. आत दिव्याची सर्किट आणि एक रेझिस्टर. तो हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या वायरवर लावायचा होता. त्याने ईसीयूला हवा थंड आहे असं वाटतं आणि ते थोडं जास्त पेट्रोल सोडतं, बाकी काही नाही. रेझिस्टर दुकानात दोन-चार रुपयांना मिळतो.

यात पैशापेक्षा मोठा धोका इंजिनाला आहे. जिप्सीचा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजायला बनवलेला. बूस्ट आला की ईसीयूला तो दिसतच नाही, ते पेट्रोल मोजून तेवढंच टाकतं, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं. हा बॉक्स लावून कुणी चोर्ला घाट चढला तर घाटमाथ्यावर टो व्हॅन मागवावी लागेल.

आरटीओच्या कागदाबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते ठणकावून सांगितलं. एखाद्या खाजगी जिप्सीला टर्बोची परवानगी शिक्का मारून पीडीएफवर येत नाही. माझ्या पीडीएफवर शिक्का होता, पण परिवहनच्या ॲपमध्ये आरसी होती तशीच. ही गाडी रस्त्यावर आणून अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण मिळतं.

बिलावरचा जीएसटी नंबर पैसे देण्याआधी तुम्ही दोन मिनिटांत वाचू शकता. पहिले दोन आकडे राज्याचे, गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७. माझ्या बिलावर ०७ होते, म्हणजे दिल्ली. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर कंपनीला सी, भागीदारी फर्मला एफ, एकट्या माणसाला पी. प्रायव्हेट लिमिटेडच्या बिलावर तिथे पी होता. पोर्टलवर नंबर टाकला तर कपड्याचं दुकान निघालं.

हिरव्या जिप्सीचा मालक पुढे पावसाळी ऑफ-रोडच्या एका कार्यक्रमात भेटला. "टर्बो? माझ्या जिप्सीला?" तो हसायलाच लागला. त्याने गाडी तिथे फक्त क्लच प्लेटसाठी टाकली होती. परत आणल्यावर सायलेन्सरच्या तोंडात अ‍ॅल्युमिनियमची शिट्टी अडकवलेली मिळाली, पोरांनी गंमत केली असेल म्हणून त्याने काढून टाकली. चकचकीत पाइपं नुसती बांधलेली असणार.

सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरावर फोन लगेच केला तर पैसे खात्यात अडकवता येतात. माझ्या बाबतीत महिने उलटले होते, त्यामुळे फक्त तक्रार नोंद झाली. पोलीस ठाण्यात 'माल तर मिळालाय ना' हे ऐकावं लागलं. म्हणून उघडलेला टर्बो, रेझिस्टर, चुंबक चिकटलेलं मॅनिफोल्ड यांचे व्हिडिओ आणि मेस्त्रींचं लेखी म्हणणं जोडून उत्तर गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. नोटीस 'पत्ता सोडला' म्हणून परत आली, शेडच्या मालकाकडून नवा पत्ता काढायचं चाललं आहे.

तुम्ही घेणारच असाल तर एकेक भाग स्वतंत्र तपासता येईल अशा बोलीवर घ्या. टर्बो मेस्त्रीला दाखवून मगच मॅनिफोल्डचे पैसे, आणि बॉक्स त्याने स्वतः त्याच्या गाडीवर लॅपटॉप जोडून चालवून दाखवल्याशिवाय एक रुपयाही नाही.

आणि हे एक बघून ठेवा. परवा एका मित्राने जाहिरात पाठवली, 'जिप्सी टर्बो किट, समाधानी ग्राहकाची गाडी'. नाव नवं, नंबर कोल्हापूरकडचा. फोटोत बॉनेट उघडी, टर्बो बसवलेला, रिटर्नच्या नळीवर हिरवी इन्सुलेशन टेप आणि बॅटरीशेजारी पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. तो स्क्रू ड्रायव्हर माझा आहे. धुराच्या तक्रारीसोबत मीच तो फोटो त्याला पाठवला होता.